वाकून पाहिल्याबद्दल आभार

गव्हाणे सरांची शेवटची इच्छा सगळ्या सोसायटीला तोंडपाठ होती, कारण ती त्यांनी ओरडून सांगितली होती. ओरडायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण औषधानं कान गेले होते आणि आपला आवाज केवढा निघतो याचा अंदाज त्यांना राहिला नव्हता. विश्रांतवाडीतली ती अख्खी इमारत जेवून आडवी झालेली असताना सर पलंगावरून गरजले, "पूर्णिमा, मी गेल्यावर गाजावाजा नको." वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून परस्पर उत्तर दिलं, की नाही करणार, सर.

पूर्णिमानं मान हलवून शब्द दिला. तो पाळणं तिला अवघड वाटलं नव्हतं. ती कॉलेजात ग्रंथपाल. अर्धं आयुष्य ओठांवर बोट ठेवण्यात गेलेलं. वडील गेले तेव्हा तिनं डॉक्टरांचे आभार मानले, घरी येऊन आईला चहा करून दिला आणि ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी पोरगी दगडाची आहे असं कुजबुजलं. ते सोजरआत्याच्या कानावर गेलं. आत्या म्हणजे सरांची थोरली बहीण, शिरूरकडच्या गावाहून आलेली. ती तिथल्या तिथं म्हणाली, "दगडाची न्हाई, बापाची हाय."

बापाची होती म्हणून तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. ना भजन, ना टाळ, ना माइकवरून श्रद्धांजली. अस्थीही नदीत सोडायच्या नव्हत्या. नदीला आपलं आधीच पुष्कळ झालंय, असं सर म्हणायचे. हाडं म्हणजे शेवटी कॅल्शियम फॉस्फेट, आणि ते झाडाला आवडतं. तेव्हा वारज्याच्या टेकडीवर, जिथं सर आणि त्यांचे मित्र आप्पासाहेब दर रविवारी रोपं लावायचे, तिथं एका खड्ड्यात अस्थी ठेवून वर कडुनिंब लावायचा. माणसं मोजकी, व्हॅन घरची, आवाज शून्य.

त्या व्हॅनची आणि औषधाची एक गोष्ट आहे, ती आधी सांगायला हवी.

सरांना कॅन्सरसाठी जे औषध सलाइनमधून द्यायचे त्यात प्लॅटिनम असतं. हे कळलं त्या दिवशी सर इतके खूश झाले, की सिस्टरला वाटलं रिपोर्ट चांगला आला. आयुष्यभर त्यांनी मुलांना प्लॅटिनम शिकवलं, पण डोळ्यांनी पाहिलं होतं ते प्रयोगशाळेच्या कपाटातल्या काचकांडीला डकवलेल्या बोटभर तारेत, आणि ते कपाटही कुलपात. आता तेच प्लॅटिनम थेंब थेंब त्यांच्या अंगात उतरत होतं. हाताला सुई असतानाच त्यांनी सगळ्या वॉर्डाचा तास घेतला.

स्पेनचे लोक सोनं शोधत दूरदेशी गेले, तेव्हा नदीच्या वाळूत सोन्याबरोबर हे पांढुरके खडे निघायचे. तिरस्कारानं त्यांनी नाव ठेवलं 'प्लाटिना', म्हणजे चांदी, पण हलक्यातली. आपण एखाद्याला चिंटुकलं म्हणतो तसं. काहींना वाटलं, हे सोनंच आहे, फक्त अजून पिकलेलं नाही. त्यांनी ते परत नदीत टाकलं, आंबे अढीत घालावेत तसं. ते काही पिकलं नाही. पिकायचं कशाला? ते मुळातच पुरतं तयार होतं. त्याला गंज नाही, भट्टीची सहज भीती नाही, एकट्यादुकट्या आम्लाला ते दाद देत नाही. आम्लराज म्हणून दोन आम्लांचं जहाल मिश्रण असतं, त्याच्यापुढेच काय ते विरघळतं. आणि त्याचा खरा गुण वेगळाच. ते दोन पदार्थांना आपल्या अंगाखांद्यावर जवळ आणतं, त्यांचं जुळवून देतं आणि स्वतः होतं तसंच राहतं. "लग्न जमवणाऱ्या मावशीसारखं," सर म्हणाले, "फक्त नंतर रुसत नाही."

त्या वर्षी शहरात व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जात होते. गाडीच्या धुरातलं विष मारायला सायलेन्सरच्या नळीत एक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळसा लेप असतो, आणि चोरांना तेवढाही पुरतो. सरांनी वॉर्डात आवाज खाली आणून बजावलं होतं, "माझ्यात प्लॅटिनम आहे हे बाहेर बोलू नका. मलाच उचलून नेतील."

पुढे त्याच प्लॅटिनमनं त्यांचे कान नेले. तेव्हा ते एवढंच म्हणाले, की मावशींनी मानपान घेतला शेवटी.

तर, दहाव्या दिवशी सकाळी सगळे खाली आले. अस्थींचं लाल फडक्यात बांधलेलं गाडगं रिवाजाप्रमाणे घरात आणलं नव्हतं, आवारातल्या पेरूला टांगलेलं होतं. ते उतरवून आत्यानं मांडीवर घेतलं आणि जाहीर केलं, की आता खड्ड्यात जाईपर्यंत हे जमिनीला टेकायचं नाही. आई, म्हणजे शर्मिलाबाई, मागच्या बाजूला कडुनिंबाच्या रोपाला धरून बसल्या. सर गेल्यापासून त्या धड एक वाक्य बोलल्या नव्हत्या. 'हो', 'नाही' आणि 'ठेव तिथं' यांच्यावर घर चाललं होतं. पूर्णिमानं मातीची पोती आणि पाण्याचे कॅन नीट लावले, आरसा ठीक केला, अलगद किल्ली फिरवली.

व्हॅन डरकाळली.

डरकाळी म्हणजे नुसती म्हणायची नव्हे. कबुतरं उडाली, शेजारच्या दोन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या हातून पातेलं पडलं. पूर्णिमानं दचकून किल्ली मागे घेतली. थोडा वेळ थांबून, घसा खाकरावा तशी पुन्हा हळूच फिरवली. पुन्हा तेच. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पोपट तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आला. पोट आड येत असल्यामुळे त्याला गाडीखाली शिरता आलं नाही, पण त्यानं हात घालून चाचपलं आणि ब्रश बाजूला करून निदान सांगितलं, की सायलेन्सर कापून नेलाय, मॅडम. नवा मिळायला चार-पाच दिवस. मग त्यानं रस्त्याकडे बघितलं आणि त्याला कोडं पडलं. तिथं तशाच चार व्हॅन ओळीनं उभ्या होत्या, एकीलाही धक्का नव्हता. नेमका सरांच्याच गाडीचा का?

टॅक्सी बोलावून पाहिली. पहिल्या ड्रायव्हरनं सामान काय आहे असं विचारलं आणि आत्यानं ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानं हात जोडले आणि निघून गेला. दुसऱ्याला अस्थी चालत होत्या, माती चालत नव्हती. पुढे ढकलावं म्हटलं तर आप्पासाहेब केव्हाच टेकडीवर पोचलेले. ते तिथं फोन बंद ठेवत. टेकडीवर मी झाडांशी बोलायला जातो, माणसांशी बोलायला घर आहे, असं त्यांचं म्हणणं. पूर्णिमा फोन हातात घेऊन उभी राहिली. एकच गोष्ट मागितली होती बाबांनी. एकच. आणि ती तिच्यासारखीला अगदी सोपी होती.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "त्यांच्याच गाडीतून जायचं. वाजू दे."

पूर्ण वाक्य होतं. एक नाही, दोन. पूर्णिमा मुकाट्यानं गाडीत बसली.

अशी ती मिरवणूक पुण्यात शिरली. येरवड्याला तुरुंगाच्या भिंतीवर आवाज आदळला आणि दुप्पट होऊन परत आला. आत कुणी सुटकेची वाट पाहत असेल तर त्याला आशा वाटली असेल. पुलावर फिरायला निघालेली माणसं कठड्याला चिकटली. पूर्णिमा खांदे आक्रसून, जणू त्यानं आवाज कमी होईल, अशी चालवत होती. गिअर बदलताना ती तोंडातल्या तोंडात 'सॉरी' म्हणत होती. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

गाडीत बोलायचं तर बोंबलावं लागत होतं. पण गेले सहा-सात महिने बहिऱ्या नवऱ्याला भाजी कोणती करू हे विचारून विचारून आईचा गळा तयार झालेला. तिला काहीच जड गेलं नाही. आत्याचा आवाज तर शेतावरचा. दोघी एकदम रंगात आल्या. आत्याला बरेच दिवस एक शंका होती, ती तिनं आत्ता काढली. भावाच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवला होता, तो राखेत सापडला. मग अंगात एवढं पलाटीनम घातलं होतं, ते का नाही सापडलं? पूर्णिमानं रस्त्यावरची नजर न हलवता ओरडून समजावलं, की ते गोळ्यासारखं साठत नाही, ते क्षाराच्या रूपात असतं, आणि बरंचसं शरीराबाहेर जातं. कुठनं जातं, आत्यानं विचारलं. पूर्णिमानं तेही सांगितलं. आणि नेमकं त्याच क्षणी, सिग्नलला, गाडी बंद पडली. चौकात पसरलेल्या त्या शांततेत आत्याचं वाक्य एकटंच, ठणठणीत उभं राहिलं.

"म्हंजे सोन्यापरीस भारी औषध मोरीत गेलं म्हन की."

आजूबाजूच्या साऱ्या दुचाक्यांनी माना वळवल्या. त्यांतल्या एकीवर पूर्णिमाच्याच कॉलेजातली दोन मुलं होती. मॅडमना ओळखून ती आधी सावरून बसली. तेवढ्यात पूर्णिमानं किल्ली फिरवली आणि गाडी पुन्हा डरकाळली. मागच्या मुलानं अतिशय आदरानं, मॅडम रोज करतात तसं, ओठांवर बोट ठेवलं.

मागून एक विचित्र आवाज आला. इंजिनाचा नव्हता. पूर्णिमानं आरशात पाहिलं. आई पदर तोंडात कोंबून हसत होती आणि कडुनिंबाचं रोप तिच्याबरोबर गदगद हलत होतं.

"आई," पूर्णिमा म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिच्याच ओठांची कड जाग्यावर राहीना.

पुढे एका हॉस्पिटलसमोर, शांतता राखा असं लिहिलेल्या पाटीच्या बरोब्बर खाली, वाहतूक हवालदारानं त्यांना अडवलं. तो आधी कितीतरी वेळ शिट्टी वाजवत होता, पण ती ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी तो आडवा आला तेव्हा ते कळलं. त्यानं कागद मागितले. पूर्णिमा बोलायच्या आत आत्यानं खिडकीतून गाडगं पुढे केलं आणि सांगितलं, की मालक हे आहेत, ह्यांना इचारा. हवालदारानं टोपी काढली. कसे गेले, कुठं चाललात, सायलेन्सरची तक्रार दिली का, असं सगळं विचारलं. तक्रार आजच द्या, असं बजावलं. पूर्णिमानं इंजिन बंद करून ढकलत नेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं मागची पोती, कॅन आणि दोन म्हाताऱ्या पाहिल्या. "नको," तो म्हणाला. "ढकलायला मग मीच लागेन. जा तुम्ही, पण लवकर जा." आणि त्यानं त्यांच्यासाठी सगळी वाहतूक थांबवली. एरवी मंत्र्यांसाठी थांबते तशी.

गाजावाजा नको म्हणालेला माणूस, थांबवलेल्या वाहतुकीतून, डरकाळ्या फोडत कर्वे रस्त्याला लागला. मागे दोघी आता उघड उघड हसत होत्या. पूर्णिमाला हसू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. एकुलती एक इच्छा, आणि तिचे असे धिंडवडे. वारज्याच्या उड्डाणपुलाखालून जाताना आवाज घुमला तेव्हा तिनं डोळे क्षणभर मिटले आणि मनात म्हटलं, बाबा, माफ करा.

टेकडीच्या पायथ्याशी आप्पासाहेब पहार टेकून उभे होते. गाडी थांबली, धूर विरला. त्यांनी शांतपणे गाडीभोवती एक फेरी मारली.

"मला वाटलं विमान उतरतंय," ते म्हणाले. "गव्हाणे आयुष्यात पहिल्यांदा आवाज करून आला."

पूर्णिमानं तोंड फिरवलं. ती झटकन वाकली. शेवटच्या चढावर खाली काहीतरी घासत होतं, तेवढं निमित्त पुरलं. कापलेल्या नळीचा उरलेला तुकडा लोंबत होता. आप्पासाहेबांचे गुडघे गेलेले, मागच्या दोघींना सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं मातीचं रिकामं पोतं खाली अंथरलं, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली, आप्पासाहेबांकडून तार घेतली आणि उताणी होऊन गाडीखाली सरकली.

खाली तेलाचा वास होता आणि थोडा अंधार. तिनं मोबाइलची बॅटरी लावली. आणि समोर, नाकापासून हातभर अंतरावर, पाटी होती.

पांढऱ्या पत्र्याची, चार स्क्रूंनी नीट बसवलेली. काळ्या रंगातलं ते अक्षर तिनं जन्मभर फळ्यावर पाहिलं होतं. रेघ न आखताही सरळ जाणारं, 'ट'च्या पोटात जागा सोडणारं. उताण्या झोपलेल्या माणसालाच वाचता यावी अशा बेतानं लावलेल्या त्या पाटीवर लिहिलं होतं:

'वाकून पाहिल्याबद्दल आभार. या सायलेन्सरमधील प्लॅटिनम आधीच काढून घेण्यात आले आहे. उगाच हात काळे करू नयेत. — गव्हाणे, रसायनशास्त्र.'

पूर्णिमानं ते दोनदा वाचलं. साफ खोटं होतं. बाबांनी त्या नळीतलं काहीएक काढलेलं नव्हतं. ते घरी काढता येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस एकदा खोटं बोलला, तेही चोराशी, आणि खाली सही करून. आणि मग तिला पोपटाचं कोडं सुटलं. ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांतून कुणी भुरटा उगाच बॅटरी मारत निघाला असेल. इथं काही मौल्यवान असतं हे त्याला कदाचित ठाऊकही नसेल. बाबांनी ते लेखी कळवलं होतं.

तिनं बॅटरी जरा खाली घेतली. पाटीच्या तळाशी, पांढऱ्या मोकळ्या जागेत, काजळीच्या बोटानं कुणीतरी उत्तर लिहिलं होतं. अक्षर वाईट होतं, पण घाईतलं नव्हतं.

'खात्री करून घेतो.'

पूर्णिमा बघत राहिली. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पुस्तकात आहे म्हणूनही नाही, गव्हाणे सांगतोय म्हणून तर मुळीच नाही, करून बघायचं. पहिल्या तासाला सरांचं हे वाक्य. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं आणि पुढे प्रयोगांची उत्तरं एकमेकांची बघून लिहिली. आणि हा एक पठ्ठ्या. रात्रीचा, रस्त्यावर पाठ टेकून, हातात करवत. सरांचं म्हणणं पूर्ण वाचतो, सभ्यपणे पोच देतो आणि प्रयोगाला लागतो. इतका चांगला विद्यार्थी सरांना मिळाला, आणि सरांना तो कळायचा राहिला.

आधी तिच्या पोटातून नुसता हिसका आला. मग दुसरा. मग ती हसायला लागली, आणि ते हसू तिचं नव्हतंच. ग्रंथालयातलं नव्हतं, घरातलं नव्हतं, ते पत्र्यावर आपटून टेकडीवर जात होतं. बाहेर तिघांनी एकदम हाका मारल्या. तिला उत्तर देता येईना. डोळ्यांतून पाणी निघालं आणि उताणी असल्यामुळे ते सरळ कानांत गेलं, दोन्ही कानांत, कोमट. मग हसणं कुठं संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते तिला समजलं नाही. तिनं ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही. आवाज होत होता, होऊ दिला.

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं. आप्पासाहेबांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग पहार टाकून गुडघ्यांची पर्वा न करता आडवे झाले आणि खालूनच म्हणाले, की गाढव आहे गव्हाणे, गाढव, घराला कुलूप लावून वर लिहितो की आत सोनं नाही. आत्याला गाडीत बसल्या जागी सांगावं लागलं, कारण गाडगं मांडीवर असल्यामुळे तिला वाकता येईना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गाडग्यालाच दटावलं. "आवाज नको म्हनला, आन् आवाजाची सोय तूच करून ठिवली व्हय रं."

आई मात्र हसली नाही. ती गाडीच्या गरम बॉनेटवर हात ठेवून उभी होती.

"एवढ्यानं," ती म्हणाली, "आज ऐकू गेलं असेल त्यांना."

अस्थी खड्ड्यात ठेवल्या. बोलायचं काही ठरलेलं नव्हतं, तेव्हा कुणी बोललं नाही. सोन्याचा मणी आत्यानं परत गाडग्यातच टाकला होता, तोही गेला. झाडाला चालतो का, एवढं तिनं विचारून घेतलं. आप्पासाहेबांनी माती लोटली, पूर्णिमानं रोप सरळ धरलं, आईनं पाणी घातलं. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. जेवढी शांतता बाबांनी मागितली होती तेवढी, आणि नेमकी जिथं हवी तिथं, त्यांना मिळाली.

खाली आल्यावर पूर्णिमा म्हणाली, तार नीट बसली का ते बघते, आणि पुन्हा पोत्यावर आडवी झाली. तार नीट होती. तिनं कापलेल्या नळीच्या तोंडात बोट फिरवलं, ते काळंकुट्ट झालं. पाटीवर अजून एका ओळीची जागा होती. वडिलांसारखं रेघ न आखता सरळ लिहायला तिला जमलं नाही, ओळ थोडी वर चढली.

'निष्कर्ष कळवावा.'

मग तिनं हात ओढणीला पुसले, जे तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि गाडीत बसली. आत्याला शिरूरच्या एसटीवर सोडायचं होतं. म्हणजे पुन्हा अख्खं पुणं ओलांडायचं होतं. मागून आईनं विचारलं, आता खाली काय करत होतीस.

"बाबांच्या वतीनं उत्तर द्यायचं राहिलं होतं," ती म्हणाली, आणि किल्ली फिरवली.